स्वयंपाकघरातला राऊटर

बबिता सरपंच होती हे शिरूर कासारच्या त्या सगळ्या भागाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तालुक्याच्या ऑनलाइन बैठकीला. तिथं दर खेपेला तिचा नवरा अमरसिंहच बसायचा. राऊटर पुढच्या खोलीत, तिथं गडीमाणसांचा राबता. आणि मागं स्वयंपाकघरात नेट म्हणाल तर नावालाही न्हाई.

तिला एकच गोष्ट बैठक घेणाऱ्या तालुक्याच्या साहेबांच्या कानावर घालायची होती. गाव ऊसतोडीला निघालं की लेकरं शाळा सोडून आईबापामागं फडावर जातात. त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृह पाहिजे होतं. अमरसिंह दर बैठकीनंतर सांगायचा, विषय काढला, साहेब बघतो म्हणले. दसरा तोंडावर आला तरी साहेबांचं बघणं काही सरेना.

मग बबिताने मांजरसुंब्याच्या भावाकडं पडून असलेला जुना राऊटर मागवून घेतला. लग्नाआधी कॉम्प्युटरच्या क्लासला गेलेली बाई ती, वायरीला कशाला भिते! पुढच्या राऊटरला एक केबल जोडली, दारावरून, फळीमागून ओढत स्वयंपाकघरात आणली आणि मागच्या राऊटरला खोचली. झालं, सगळ्या घराचं नेट गपगार. नेट का बंद पडलं म्हणून पुढून अमरसिंह ओरडला. बघते, एवढं सांगून ती निवांत खाली बसली.

घोळ लगेच तिच्या ध्यानात आला. दोन्ही राऊटरचा पत्ता एकच, आणि घरातल्या मोबाइलांना नंबर वाटायचं काम दोघंही करत होते. एका घरात दोन कारभारी, मग ऐकायचं कुणाचं? असला संसार तिला काही नवा नव्हता. तिने केबल उपसली, मागच्या राऊटरचा पत्ता बदलला, त्याचं नंबर वाटणं बंद केलं आणि केबल पुन्हा खोचली. आता दोन्हीकडं नेट धावायला लागलं. बाई स्वतःवरच खूश झाली, आणि का होऊ नये!

मंगळवारी बैठक लागली. पुढं अमरसिंह इस्त्रीचा सदरा घालून मोबाइलसमोर. मागं बबिता, पिठाची परात बाजूला सारून, आपला मोबाइल लावून, पदर नीट करून. गावाचं नाव पुकारलं तसा तिने माइक सुरू केला.

"सरपंच बबिता बोलते, साहेब. आमच्या गावाला वसतिगृह पाहिजे. लेकरं फडावर जायच्या आत."

साहेबांनी कागद चाळले. मागच्या दोन्ही बैठकींत सरपंचांकडून गरज नाही असंच कळवलंय, म्हणाले.

बबिताला आता उलगडलं. विषय काढला म्हणजे असा काढला होता! वसतिगृह म्हणजे रोजचा स्वयंपाक, रोजची देखरेख. नसती कटकट नको म्हणून गडी परस्पर मोकळा झाला होता. तिला लई राग आला, रडूही आलं. स्क्रीनवरच्या चौकटीत अमरसिंह मान खाली घालून बसला होता. आता त्याचं नाव घेतलं तर सगळ्या तालुक्यासमोर त्याची अब्रू जाणार होती.

"मग नको असं कोण म्हणालं?" साहेबांनी विचारलं.

"मी न्हाई म्हणले, साहेब. तवा मी बैठकीत नव्हते. आता हाय, अन् इथून पुढं मीच असणार."

अमरसिंहाची चौकट स्क्रीनवरून गेली. साहेबांनी पेन उचललं, लेकरं किती ते विचारलं, आणि बबिता एकेका घरातलं लेकरू नावानिशी सांगायला लागली.