दोन नळ्यांची गाडी

तुळसाचं लग्न लांज्याच्या घरात झालं ते १९८४ साल, माघ महिना. त्या लग्नात मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्या, तरी नवरीचा बाप महिपत मूठ मिटून उभाच होता. शेवटी कोणीतरी कोपर मारलं तेव्हा त्यानं अक्षता टाकल्या. लोक हसले. महिपतचा मेहुणा केरू मात्र हसला नाही. एकुलती लेक चालली, माणसाचं भान हरपणारच, असं तो मनाशी म्हणाला.

पुढच्याच महिन्यात त्याच माणसानं केरूचं भान हरपायची वेळ आणली.

केरूचं गॅरेज हातखंब्याला, हायवेच्या कडेला. ट्रक, टेंपो, जीप ही त्याची रोजची गिऱ्हाइकं. महिपत जन्मभर बोटीवर इंजिनात तेलवाला होता, आता घरी बसला होता. ज्या कप्तानाच्या हाताखाली त्यानं वीस वर्षं काढली, तो मरताना आपली विलायती गाडी महिपतला देऊन गेला. दोन माणसांची, उघड्या टपाची, लाल. तोंड लांबलचक, आणि त्या तोंडात ओळीनं सहा सिलिंडर. केरूनं ती चालती करून दिली होती. तेवढ्यावर भागायला हवं होतं.

"केरू, हिला दोन सायलेन्सर लावायचे," महिपत म्हणाला.

"एक काय वाईट हाय?"

"कप्तान म्हणायचे, सहांचा श्वास एका नळीत कोंडतो. दोन दिल्या तर गाडी बोलेल."

"भावोजी, बोलून कोणाला काय सांगणार हाय ती?"

महिपत नुसता हसला. अलीकडे कसलंही विचारलं की तो असाच हसायचा, आणि त्या हसण्यानं केरूचं डोकं फिरायचं.

सांगायला काम सोपं होतं. इंजिनाच्या कुशीला धूर गोळा करणारं जे बिडाचं मॅनिफोल्ड असतं, त्याला खाली दोन तोंडं होतीच. पुढच्या तिघांचा धूर एकातून यायचा, मागच्या तिघांचा दुसऱ्यातून. पुढे दोन्ही मिळून एकच पाइप मागे जायचा. ते मीलन तोडायचं आणि दुसरा पाइप स्वतंत्र मागे न्यायचा, बस. पण गाडी हातखंब्याला आणायला महिपत तयार नव्हता. चढावर तिला त्रास होतो म्हणे. म्हणून गॅस वेल्डिंगच्या टाक्या, कटर, पाने, सगळा संसार टेंपोत घालून केरू भाट्याला बहिणीच्या घरापुढच्या खळ्यात येऊन पडला. तेही शिमग्याच्या दिवसांत, जेव्हा एक माणूस हाताखाली मिळत नाही. जो तो ढोलामागे.

पहिला दिवस जुने बोल्ट सोडवण्यात गेला. खाऱ्या वाऱ्यानं ते असे धरले होते की तीन तुटले. केरू गाडीखालून ओरडायचा, "भावोजी, बारा-तेराचा पाना द्या!" महिपत हातोडी द्यायचा. केरू म्हणायचा, "दिवा इकडे धरा!" महिपत दिवा घेऊन उठून जायचा.

"अक्का, ह्यांना काय झालंय?" केरूनं बहिणीला, सगुणाला विचारलं.

"तुझ्या कामात मला ओढू नको," ती म्हणाली आणि सुपारी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी पाइप वाकवायचा होता. मागच्या चाकांच्या आसावरून तो कमान करून न्यावा लागतो. नुसता तापवून वाकवला तर चेपतो, म्हणून त्यात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बूच ठोकायचं आणि मग लाल करून वाकवायचा. वाळू मात्र कोरडी ठणठणीत लागते.

"भावोजी, वाळू काहिलीत भाजून घ्या," केरूनं आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. "दर्याची असली तरी चालेल, पण भाजून. भाजल्याशिवाय भरायची नाय."

महिपतनं मान डोलावली. सकाळी दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. वरून हात लावला तर वाळू ऊन ऊन. केरूनं ती महिपतकडून ठासून भरून घेतली, बुचं ठोकली, वेल्डिंगची बत्ती पेटवली. पाइप लाल व्हायला लागला, आणि बंदुकीसारखा आवाज झाला. मागचं बूच सुटलं ते पडवीवर जाऊन दोन कौलं फोडून पडलं. माडावरचे कावळे उठले. शेजारचं कुत्रं केकाटत दगडी गडग्यापलीकडे पळालं. केरू खळ्यात आडवा झाला.

महिपत पाच हातांवर पाठमोरा उभा राहून फडक्यानं बॉनेट पुसत होता. तो पुसतच राहिला.

केरू उठून बसला. उरलेल्या बादलीत हात घातला. वरची चार बोटं वाळू उन्हानं वाळलेली, खाली ओलीगच्च; त्या ओलीचीच वाफ झाली होती. त्यानं पडवीकडे पाहिलं. सगुणा दारात उभी होती.

"कळलं आता?" ती म्हणाली.

"कधीपासून?"

"शेवटच्या बोटीवरून आले तेव्हापासून. डावा कान गेलाच. उजव्यात थोडं उरलंय. मुंबईचा डॉक्टर म्हणाला, तेही वर्षभरात जाईल. तुळसाच्या लग्नात मंगलाष्टकं कधी संपली ते कळलं नाय ह्यांना. हायवेवर मागचा हॉर्न कळत नाय, म्हणून गाडी तुझ्याकडे नेली नाय."

"आणि ही गाडी?"

"कान जायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकायचाय, पोटभर. कोणाला सांगायचं नाय म्हणाले. जन्म इंजिनात गेला, आणि आता साधी हाकही दुसऱ्यानं कोपर मारून कळवावी, याची लाज वाटते."

केरूला दया यायला हवी होती. आला तो संताप. "मग सांगायचं ना, मेल्यांनो! दोन दिवस घसा फोडतोय मी! आत्ता डोळा गेला असता माझा!"

"ओरड आणखी," सगुणा म्हणाली. "ऐकतायत बघ ते."

मग वाळू सगुणानंच भाजली, काजूसारखी ढवळून ढवळून. पाइप वाकला. पण हँडब्रेकच्या तारेला घासायला लागला, म्हणून तो कापून पुन्हा केला. डावीकडचा उजवीकडच्यापेक्षा बोटभर खाली आला, म्हणून टांगायचे रबर बदलले. जीपचे दोन सायलेन्सर त्यानं लांज्याच्या भंगारातून आणले होते, तेही नीट चढवले. काम असं साफ झालं की केरूनं स्वतःच मागे जाऊन दोनदा पाहिलं. महिपतला खुणेनं गाडीत बसवलं आणि सेल्फ मारला. सहाही सिलिंडर एका दमात उठले. गोड, दबलेला, सावकाराच्या गाडीचा आवाज, हाताला कंपही लागू नये असा.

महिपत स्टिअरिंगच्या चक्रावर हात ठेवून वाट बघत होता.

"मार की सेल्फ," तो म्हणाला.

केरू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं चावी फिरवून गाडी बंद केली, एक सणसणीत शिवी हासडली आणि पाना घेऊन पुन्हा खाली शिरला.

"आता काय रे?" सगुणा ओरडली.

"सायलेन्सर काढतोय!"

"मग लावलेस कशाला?"

"माझं थडगं बांधायला!"

पाइप अजून गरम होता. केरूचं मनगट भाजलं. दोन्ही सायलेन्सर त्यानं खळ्यात भिरकावले, बाहेर आला आणि पुन्हा सेल्फ मारला.

पडवीची उरलेली कौलं थरथरली. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. सगुणानं कानांवर हात दाबले. महिपतनं मान उजवीकडे झुकवली, जशी माणसं देवळात गाऱ्हाणं ऐकताना झुकवतात. हळूच ॲक्सिलरेटर दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

"तीन इकडे," तो म्हणाला. "तीन तिकडे. केरू, बोलतेय रे."

केरूनं मनगट पाण्याच्या घागरीत बुडवलं.

संध्याकाळी वाडीतली माणसं भांडायला आली. "शिमग्यात रात्रभर ढोल बडवता ते चालतं तुम्हाला?" केरू त्यांच्यावर असा खेकसला की ती चहा पिऊन परत गेली. तेव्हापासून रोज सकाळी महिपत गाडी वर सड्यावर न्यायचा, जिथं कातळ आणि टिटव्यांशिवाय कोणी नाही. कधी रबर तुटायचं, कधी गॅस्केट फुटायचं. दर वेळी केरू हातखंब्याहून शिव्या देत यायचा, दुरुस्त करायचा आणि शिव्या देत जायचा. सायलेन्सर परत लावायचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. पुढच्या शिमग्याला महिपतचा दुसरा कान गेला. तरी तो गाडी चालू करून, तिच्या दारावर तळवा ठेवून तिची थरथर घेत बसायचा.

महिपत १९८७ सालच्या पौषात, पहाटे झोपेत गेला.