मागून बसलेली वॅगन

नेव्हिलची जुनी डिझेल स्टेशन वॅगन मागून खाली बसली होती. तिला ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे नाहीत, मागचं वजन तेलाच्या दाबावर पेललं जातं.

"भंगारवाला चारला येतोय," नेव्हिल म्हणाला.

त्याची आई, मोनिका आंटी, ओट्यावरून ओरडली, "नंदू, माझ्या नवऱ्याची गाडी विकतोय रे हा! रविवारी माझ्या लेकीला, नॅटलीला, तिच्या लग्नाला ह्याच गाडीतून न्यायचीय."

"आंटी, चारच्या आत उभी करतो," मी सांगून टाकलं. उभा जन्म ट्रकखाली गेला, मोटारीचा अनुभव शून्य. पण जीभ थांबेल तर ना.

नेव्हिलने गाडीच्या कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक मोबाइलवर मराठी करून दिलं. पन्नाशीनंतर अक्षरं शिकलेला माणूस वाचायची संधी सोडत नाही. पहिली दोन पानं मी गल्लीला ऐकू जातील अशी वाचली. तिसरं राहिलं, कारण चहा आला.

मागचे धक्के झेलणारे नायट्रोजनचे दोन्ही गोळे मेलेले, शॉकअप गळके. नवे बसवले, तेल भरलं. मग आम्हा ट्रकवाल्यांच्या रीतीने तपासणी: मागे माणसं बसवायची, इंजिन बंद ठेवायचं आणि कुठे कुरकुरतं ते कान लावून ऐकायचं. मोनिका आंटी आणि तिच्या दोन बहिणी बसल्या. गाडी बसली ती बसलीच.

"उतरा."

पाइप खोलले, पुन्हा आवळले. "बसा." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आंटीची बहीण म्हणाली, "हा गाडी बघतो की आमचे गुडघे?"

पावणेचार झाले. भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. मी चौथ्यांदा पाना उचलला.

"आता मी उतरणार नाही," आंटी म्हणाली. "उकडतंय. एसी लाव रे, नेव्हिल."

नेव्हिलने इंजिन चालू केलं. थोड्या वेळाने गाडीची मागची बाजू तिन्ही बायकांसकट हळूहळू वर आली.

मी चष्मा लावून तिसरं पान उघडलं. तेलाला दाब देणारा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद तर गाडी उचलत नाही, असं पहिल्याच ओळीत होतं.

नेव्हिलने टेम्पोवाल्याला हात जोडून परत पाठवलं आणि माझ्याकडे वळला. "काका, फॉल्ट काय होता?"

"इंजिन बंद होतं."

"चारी वेळा?"

"तीनदाच. चौथ्यांदा तुझ्या आईने लक्ष घातलं."

"नेव्हिल, ह्याला चावी देऊ नकोस," आंटी आतून म्हणाली. "आणि इंजिन चालू ठेव. चर्चपर्यंत एक फेरी मारून येऊ. नंदू, तूही बस. वजन कमी पडतंय."

मी पाना खाली ठेवला आणि बसलो.