बावन्न जणींचा गुण

हेमांगीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात ती गुडघेदुखीच्या चूर्णावरच्या अभ्यासाची माहिती गोळा करायची. सोनगीरच्या साठ बायांना तीन महिने चूर्ण दिलं होतं. सहा मिनिटांत बाई किती चालते ते आधी आणि नंतर मोजायचं, असं सुरुवातीलाच कागदावर ठरलेलं. भर उन्हात टेप धरून हिनंच मोजलं. फरक? शून्य! आणि आज छापून आलेल्या लेखात चालण्याचं नावच नाही.

"सर, चालणं कुठं गेलं?"

"जागा कमी होती," लेख लिहिणारे दवाखान्याचे डॉक्टर अभिमन म्हणाले. "बावन्न जणींनी बरं वाटतं म्हणून सांगितलं, ते छापलं. त्यात खोटं काय?"

खोटं नव्हतं, तीच तर मेख होती. 'बरं वाटतं का?' हा प्रश्न हिनंच शेवटी, सहज म्हणून विचारलेला. दारी आलेल्या पोरीला चहा पाजून सोनगीरची बाई 'बेस शे', छान आहे, असं म्हणणार नाही तर काय रडगाणं गाणार? हेमांगीनं हे सांगितलं तर सर हसले. 'बावन्न जणींना गुण' अशी दवाखान्याची पत्रकं केव्हाच गावोगाव वाटून झाली होती.

दुपारी ती त्या साठ जणींतल्याच सुगंधाअक्कांना न्यायला सोनगीरला गेली. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख हिनंच खटपट करून मिळवली होती. अक्का खाटेवरच, पिशवीसुद्धा भरलेली नाही.

"ऑपरेशन नही करनं. नातीनी पत्रक वाचीसन दखाडं, बावन्न जणीस्ले गुण उना. मी आखो चूर्ण खासू."

"आणखी चूर्ण? पण अक्का, तुम्हाला गुण आला का?"

अक्का ओशाळल्या. "नही वं. तुले वाईट नको वाटाले म्हनीसन बेस सांगं. पन बाकीन्या बठ्ठ्यास्ले उना ना!"

"अहो, त्या बावन्नांत तुम्हीच आहात!" हेमांगीला रडूच फुटायचं बाकी होतं. "बाकीच्यांनीही असंच सांगितलं असेल. शेजारच्या रूपाबाईंनीही चूर्ण घेतलंय, त्यांना विचारा ना."

अक्कांनी हाक मारली. रूपाबाई भिंत धरत, लंगडत दारात आल्या. समोर बसलेली हेमांगी दिसताच त्यांनी पदर सावरला आणि तोंडभर हसल्या.

"गुडघा ना? एकदम बेस शे!"

"दख," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी चूर्णाची डबी पुढं ओढली.