बरं शे ना?

जळगावातल्या त्या हृदयरोगाच्या दवाखान्यात पूर्वी सकाळी आलेला पेशंट दुपारची भाकरी बाकड्यावरच सोडायचा. मग डॉक्टरांनी लीन मॅनेजमेंट आणलं. ज्यात वेळ वाया जातो, ते काढून टाकायचं. जुन्या पेशंटला दारातच विचारायचं, त्रास आहे का? नसेल तर हिरवं कार्ड, गोळ्या घ्या नि घरी जा. असेल तर लाल, आणि त्यालाच डॉक्टरांची खोली.

दारातलं हे काम हेमलताचं. बाकडी ओस पडली, तसं डॉक्टरांनी भर मीटिंगमध्ये तिचं कौतुक केलं. पण अलीकडे तिला चैन पडत नव्हतं. कीर्तनाला बुवा उभे आहेत, मृदंग लागलाय आणि मांडवात चिटपाखरू नाही, तशी ती शांतता अंगावर यायची. लाल कार्ड तर निघेनासंच झालं होतं. एवढी माणसं एकदम बरी कशी झाली?

एके सकाळी एरंडोलकडचे झुलाल आबा आले. गावच्या सप्ताहातले पट्टीचे टाळकरी.

"बरं शे ना, आबा?"

कागदावर 'त्रास आहे का?' हा प्रश्न छापील मराठीत होता. खेड्यातल्या माणसांना परकं वाटू नये म्हणून हेमलतानंच तो मायेनं अहिराणीत केला होता.

"बरं शे माय, बठ्ठं बरं शे."

"टाळ वाजवताय ना?"

"मी काय वाजाडसू? टाळच माले वाजाडस!"

हसत हसत तिनं हिरवं कार्ड दिलं. आबा गोळ्या घेऊन बाहेर पडले. पिशवी आवरत मागं राहिलेली त्यांची बायको सुंदरबाई पुटपुटली, "कशानं बरं? रातभर छाती धरीसन बठेल व्हतात."

हेमलता धावत सुटली. आबा रिक्षा थांब्याच्या खांबाला टेकले होते. सदरा घामानं चिंब.

"आबा, मला सांगितलं का नाही?"

"माय, तुना राम राम झाया, मना बी झाया." त्यांना धाप लागली. "दुखनं काय कोनी दारमा सांगस?"

हेमलतानं आत स्ट्रेचरसाठी हाक दिली. तिनं दुखणं विचारलंच नव्हतं. तिनं राम राम घातला होता, आणि राम रामाला उत्तर एकच असतं.

स्ट्रेचर आत गेलं. ईसीजीची पट्टी बघून डॉक्टर एवढंच म्हणाले, "अटॅक आहे. थोडक्यात वाचले. हिरवं कुणी दिलं?"

हेमलतानं हिरव्या कार्डांची यादी काढली. विठ्ठलाचं नाव घेत तिनं फोन उचलला. हिरवं कार्ड घेऊन गेलेल्या एकेकाला आता नीट विचारायचं होतं. पहिले पारोळ्याचे रुपचंद नाना.

बराच वेळ रिंग वाजली. मग एक अनोळखी, दबका आवाज आला.

"नानाना फोन शे. तुमी कोन?"

त्या आवाजामागं पुष्कळ पावलं वाजत होती. बोलत मात्र कुणीच नव्हतं; कुठंतरी एक बाई रडत होती.