पांढरी सहा

आमच्या बँडमध्ये एक नियम होता. कार्यक्रमाआधी सगळ्यांनी सूर आईच्या पेटीवरून घ्यायचा. आई भाता हलवून पांढरी सहा ही पट्टी दाबायची. मग बाबा त्यांची बेस गिटार जुळवायचे, वरदा डोळे मिटून गुणगुणायची आणि मी माझ्या इलेक्ट्रिक कीबोर्डचं बटण फिरवून तो पेटीशी जुळवायचे. धाकटा शार्दूल ड्रम्सवर, त्यामुळे तो यातून सुटायचा.

बाबा इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. रिदम अँड ब्लूज या अमेरिकन संगीताचं वेड त्यांना डॉक्टरांच्या क्वार्टर्समध्ये लागलं. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि वरदा आठची. बाबा रेकॉर्ड लावायचे. आई ऐकता ऐकता त्यातले तीन आवाज सरगममध्ये वेगळे करून आम्हाला एकेक वाटून द्यायची. शार्दूल मोठा झाला, तसा ‘द बर्वे फॅमिली’ हा बँड झाला. लग्नं, दिवाळीचे कार्यक्रम, नर्सेसचे निरोपसमारंभ आणि नार्बरो रोडवरचे दोन पब. पेटी गाडीत मागच्या सीटवर बसायची, सीटबेल्ट लावून.

बावीस वर्षांपूर्वी लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीने आम्हाला बोलावलं. त्यांनी तीन हॉर्नवाले आणले होते, दोन सॅक्सोफोन आणि एक ट्रम्पेट. पहिल्याच गाण्यात सगळं विस्कटलं. दुसऱ्यांदा केलं, तेही तसंच. बाबांनी बेस खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “त्या ट्रम्पेटवाल्याला कान नाहीत.” आम्ही सामान आवरून परत आलो. कंपनीचा फोन पुन्हा आला नाही. पुढे आम्ही स्वतःच्या खर्चाने एक सीडी काढली. हॉर्न न घेता.

मला कारण माहीत होतं. माझ्या कीबोर्डच्या पडद्यावर आकडा दिसतो. सगळीकडे पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, आणि आईच्या पेटीशी जुळवताना माझा आकडा ४४९ वर जायचा. गिटार हवी तिथे जुळवता येते, गळा येतो, कीबोर्डही येतो. ट्रम्पेट इतकी चढत नाही. त्या दिवशी मी पडद्याकडे बघत उभी होते आणि काही बोलले नाही. पेटी आईच्या वडिलांनी दिलेली होती, आणि बाबा रागावले होते. मी तेव्हा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. तिथे रोज सकाळी मशीन सुरू करताना आधी ठाऊक असलेला नमुना चालवून बघतात, उत्तर बरोबर येतं का ते. ते बघितल्याशिवाय कोणाच्याही रक्ताला हात लावत नाहीत. घरी मात्र मी तो नियम पाळला नाही.

यंदा एप्रिलमध्ये कोणीतरी रेडिओवर आमची ती जुनी सीडी वाजवली. दोन आठवड्यांत लंडनमधल्या कॅमडेनच्या एका हॉलचं पत्र आलं. चौदा जून, पाऊण तास, आणि “आमचे तीन हॉर्न तुमच्या साथीला.” बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पत्र त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

रविवारी सगळे जेवायला जमले, तेव्हा आमटी वाढून होईपर्यंत मी थांबले.

“बाबा, त्या ट्रम्पेटवाल्याची चूक नव्हती. आपली पेटी चढी आहे.”

“काहीतरीच काय!”

“सेकंदाला नऊ कंपनं. मला तेव्हाच माहीत होतं.”

मग वरदा म्हणाली, “बावीस वर्षं, ताई? बावीस वर्षं मी ते वरचे सूर फुकट चढत होते?”

“नऊ कंपनं म्हणजे लॉट आहे का?” शार्दूलने विचारलं.

“हॉर्नबरोबर लॉट.”

“मग सिंपल. पेटी घरी ठेवू. यू हॅव अ कीबोर्ड.”

“गप रे,” वरदा म्हणाली.

बाबा आईकडे बघत नव्हते. “हॉर्नवाल्यांना सांगू, तुम्ही आमच्याशी जुळवा.”

“त्यांना जमणार नाही, बाबा. पाईपची लांबी ठरलेली असते.”

आई उठली, पेटी घेऊन आली आणि ताटांच्या मधोमध ठेवली. “मोज,” म्हणाली.

मी फोनवर मोजून दाखवलं. तिने चष्मा लावून आकडा वाचला, दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली. सगळ्या सारख्याच चढ्या होत्या. “आपसात तरी जुळलेल्या आहेत,” ती म्हणाली.

“मी उतरवते,” मी म्हणाले. “आतली पितळेची रीड मुळाशी घासली की सूर उतरतो. टोकाशी घासली की चढतो.”

“आणि मोडली तर?” बाबांनी विचारलं.

“एखादी मोडेल. म्हणून आधी अगदी कडेच्या पट्ट्यांच्या घेऊ, आपण कधीच न वाजवणाऱ्या.”

“तू हे आधी केलंयस?”

“नाही.”

आईने पेटीचं झाकण उघडून ती माझ्याकडे सरकवली. “जेवण झालं की सुरू कर.”

एकोणचाळीस पट्ट्या, प्रत्येकीला दोन रीड्स, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. रोज कामावरून आले की मी आईकडे जायचे आणि चार करायचे. बारीक कानस, तीन ओढी, मग पुन्हा बसवून मोजायचं. आई भाता हलवायची. वहीत मी प्रत्येक रीडचा आधीचा आणि नंतरचा आकडा लिहीत होते. पहिल्या आठवड्यात दोन जास्त उतरल्या, त्या टोकाशी घासून परत चढवल्या. तेराव्या दिवशी काळी चारची एक रीड माझ्या बोटांत तुटली. मी ती हातात धरून बसले.

“दुसरी आहे ना त्या पट्टीला?” आईने विचारलं.

“आहे. पण आवाज बारीक येईल.”

“येऊ दे. मी तिथे जरा जोरात भाता मारीन.”

दहा जूनला सगळ्या झाल्या. बाबा त्या सगळ्या दिवसांत एकदाही खोलीत आले नव्हते. मात्र त्या संध्याकाळी त्यांची बेस कोपऱ्यात होती आणि ती ४४० ला जुळवलेली होती. मी तपासलं.

चौदाला दुपारी कॅमडेनच्या हॉलमध्ये तालीम होती. ट्रम्पेटवाला पंचविशीचा असेल. आईने पेटी टेबलावर ठेवली. सवयीने आम्ही सगळे तिच्याकडे वळलो. तिने भात्यावर हात ठेवला, मग काढला आणि ट्रम्पेटवाल्याला म्हणाली, “यू गिव्ह. आय विल चेक.”

त्याने सूर दिला. आईने पांढरी सहा दाबली. दोन सूर जवळ असले आणि एक नसले की आवाज थरथरतो. ती थरथर मोजता येते. मी मोजली. दोन सेकंदांत एक. चालण्यासारखी होती.

पहिलं गाणं वाजलं. वरदाचा वरचा सूर आला, हॉर्न्स त्याच्या खाली उभे राहिले, आणि काहीही विस्कटलं नाही. काळी चारवर पेटी बारीक झाली. आईने तिथे भाता जोरात मारला.

गाणं संपल्यावर बाबा बेस गळ्यात तशीच ठेवून ट्रम्पेटवाल्याकडे गेले.

“बावीस वर्षांपूर्वी,” ते इंग्रजीत म्हणाले, “मी एका ट्रम्पेटवाल्याला फार वाईट बोललो होतो. माझं चुकलं होतं.”

तो गोंधळला. “तो मी नव्हतो, सर. मी तीन वर्षांचा होतो.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. “तरीही ऐकून घे.”

मग जागेवर येऊन त्यांनी आईकडे पाहिलं. “अहो, दुसरं घ्यायचं ना?” ती म्हणाली. शार्दूलने ड्रमच्या काठ्यांवर चार मोजले.