आबांचे भोपळे

आमच्या नैनाने तिचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम गाडीच्या टपावर ठेवला आणि तिच्या बाबाने, अंकुरने, गाडी काढली. पार्किंग लॉटमध्येच गेम खाली पडला आणि मागून आलेल्या व्हॅनखाली त्याचा चुरा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही नवा आणला. म्हटलं, मिटलं. कसलं मिटतंय!

"गेम डिजिटल आहे, सगळं अकाउंटमध्ये सेफ असतं," अंकुर म्हणाला. पासवर्ड टाकला, तर मशीनने कोड मागितला. कोड गेला होता शेवटी सत्तेचाळीस असलेल्या नंबरवर.

अंकुरचा चेहरा उतरला. "हा राकेशचा नंबर आहे."

राकेश म्हणजे त्याचा एमएसचा रूममेट. चौघं मुलं एका अपार्टमेंटमध्ये राहायची. विजेपासून इंटरनेटपर्यंत सगळ्याला एकच ईमेल आणि एकच नंबर, राकेशचा. गेमचं अकाउंटही त्यातलंच. आमच्या लग्नाला राकेश अकोल्याला आला नाही आणि अंकुरने त्याच्याशी बोलणंच टाकलं. मुलगी दुसरीत गेली तरी याचा रुसवा काही गेला नाही.

"म्हणजे गेम आपण विकत घेतला आणि किल्ली त्याच्या खिशात?" माझं डोकंच फिरलं.

"तो नंबर कधीच बंद झाला असेल. राकेश आता तिकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला असतो. सोड ना यार."

सोड काय? उद्या आबा येणार होते, माझे सासरे. गेल्या वेळी आले तेव्हा आजोबा-नातीने मिळून त्या गेममध्ये शेत केलं होतं. जन्मात कुदळ न धरलेला हा रिटायर्ड हेडमास्तर चहा गार होऊ देऊन भोपळ्यांना पाणी घालायचा. निघताना भोपळे तयार होते. "मी परत आलो की दोघं मिळून तोडू," म्हणाले, आणि नैनाने एकालाही हात लावला नव्हता. दर फोनवर त्यांचं एकच, "माझे भोपळे आहेत ना गं?" काल ती "हो आबा" म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

"बाबा, just call him!" नैना म्हणाली. बाबा उठून नव्या गेमचं खोकं आवरायला लागला.

मग मीच अंकुरच्या फोनमधला जुना नंबर शोधला आणि लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"अंकुर?"

"नाही, मी अबोली. अंकुरची बायको."

"वहिनी!" ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं, तो असा बोलला की जणू परवाच माझ्या हातचं जेवून गेलाय. "सकाळपासून कोड येतायत. म्हटलं, आपलं जुनं अकाउंट कोण उघडतंय? लिहून घ्या."

त्याने आकडे सांगितले, नैनाने दाबले. शेत उघडलं. कुंपणाशी सगळे भोपळे जागच्या जागी, केशरी, गलेलठ्ठ. "They're here! आई, सगळे आहेत!" ती सोफ्यावर उड्या मारायला लागली. देवा, सुटलो एकदाचे!

"राकेश, तुमचे आभार कसे मानू? अंकुरला वाटलं, हा नंबर बंद असेल."

"नवा घेतलाय, वहिनी. पण हाही चालू ठेवलाय."

"कशाला?"

"अंकुरकडे माझा हाच आहे ना. लग्नाच्या वेळी माझा व्हिसा अडकला होता, गेलो असतो तर परत येता आलं नसतं. त्याने ऐकूनच घेतलं नाही. म्हटलं, कधीतरी राग उतरेल, तेव्हा फोन लागायला हवा."

फोन स्पीकरवर होता. मी अंकुरकडे पाहिलं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला.

"राक्या," तो म्हणाला, "उद्या आबा येतायत. तुझी चौकशी अजून करतात रे."

मग तो बोलत बोलत बाल्कनीत गेला. मी पोहे दोनदा गरम केले, तरी तो आत आला नाही. मला जरासुद्धा राग आला नाही.