अण्णांची पीयूसी

माणसांची धूरतपासणी सुरू झाली, त्या मंगळवारी अण्णा हराळे पहिल्याच फेरीत नापास झाले. मिरज रस्त्यावरच्या ज्या पीयूसी केंद्रात आजवर फक्त गाड्या उभ्या राहत, तिथे सकाळपासून माणसांची रांग होती. नंबरप्लेट नसल्यामुळे प्रत्येकाच्या छातीवर खडूने आकडा लिहिला जात होता. तपासनीस फडतरे नळी ओठांच्या कडेला धरायचा आणि "बोला" म्हणायचा.

"काय बोलू?" अण्णांनी विचारलं.

"घरी बोलता तेच."

घरी अण्णा पोट भरून बोलत ते फक्त बायकोशी, आणि तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांनी तिथेही तिच्याशीच सुरुवात केली. "अगं ए, पुढं गेलीस ती गेलीस, माझी बंडी कुठं ठेवलीस ते तरी सांगून जायचं!" एवढ्यात त्यांच्या तोंडातल्या धुराने केंद्राचं छत काळं झालं आणि मागची रांग खोकायला लागली. मशीनचा काटा टोकाला जाऊन अडकला, तो फडतरेने टिचकी मारून सोडवला.

"नापास," तो म्हणाला. "सात दिवसांत दुरुस्त करून आणा. नाहीतर जप्तीच्या आवारात उभं करावं लागेल."

परत येताना, सोबत आलेल्या त्यांच्या मुलाने, उमाकांतने, त्या आवारात कुंपणावरून डोकावून पाहिलं. जप्त गाड्यांच्या दोन रांगांमध्ये आता, तपासणी आधीच सुरू झालेल्या गावांतून आणलेली माणसं उभी होती आणि वेल त्यांच्या गुडघ्यांपर्यंत चढले होते. एका बाईने त्याला घड्याळात किती वाजले ते विचारलं. त्याने सांगितलं आणि अण्णांना घेऊन तो घरी आला.

उमाकांत हा अण्णांचा एकुलता एक मुलगा. घरात दोघंच. गाडीच्या कंप्युटरला लॅपटॉप जोडायचा, आतले आकडे बदलायचे आणि गाडी कंपनीने ठरवल्यापेक्षा जोरात पळवायची, हा त्याचा चौदा वर्षांचा धंदा. अशी गाडी धूर ओकते. म्हणून तो तिला आणखी एक गोष्ट शिकवायचा: आपली तपासणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. एसटीत तेहतीस वर्षं स्टिअरिंग धरलेले अण्णा त्याला तोंडावर चोर म्हणत, आणि उमाकांत ते हसण्यावारी नेई.

अण्णांना केबल जोडायची जागा डाव्या खांद्याच्या हाडाखाली, बनियनच्या पट्ट्याआड सापडली. सोळा छिद्रं, गाड्यांना असतात तशीच. केबल बसली. अण्णांचा सगळा मॅप उघडला, आतल्या आकड्यांच्या ओळी आणि रकाने. बहुतेक आकडे साधे होते. बायकोच्या रकान्यात मात्र ते इतके मोठे होते की चौकटीबाहेर सांडत होते. ते खाली आणले असते तर काम तिथेच संपलं असतं. उमाकांतचा हात धजेना. म्हणून त्याने आपली नेहमीची युक्ती केली: आकडे तसेच ठेवले आणि तपासणीपुरते वेगळे, स्वच्छ अण्णा बाजूला लिहिले. तपासणी कशी ओळखायची? तपासणीत गाडीची चाकं थांबलेली असतात, पण अण्णा तर दिवसभर खुर्चीतच. लॅपटॉपवरच्या खुणांच्या यादीत शोधता शोधता त्याला "कुणीतरी बघत असताना" असं सापडलं. त्याने तेच निवडलं.

या धंद्यात एक नियम आहे. हात लावण्याआधी मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवायची, गाडीचा नंबर आणि तारीख घालून. गिऱ्हाइकाच्या बाबतीत उमाकांत हे कधीच विसरला नव्हता. पण अण्णांना नंबर नव्हता आणि काम घरचंच होतं. मूळ फाइलीला त्याने "अण्णा" एवढंच नाव दिलं. नवीन फाइलीलाही तेच दिलं. जुनी पुसू का, असं लॅपटॉपने विचारलं आणि त्याने सवयीने हो म्हटलं.

सोमवारी अण्णा पास झाले. नळीतून जे आलं ते इतकं स्वच्छ होतं की फडतरेने ते हुंगून पाहिलं.

"आपला आभारी आहे," अण्णा म्हणाले.

घरी आल्यावर उमाकांतने विचारलं, "चहा टाकू?"

"जशी आपली सोय."

बापाने अहोजाहो केलं म्हणून उमाकांतला आधी हसू आलं. गुरुवारपर्यंत ते ओसरलं. अण्णा भाकरी खात, पेपर वाचत, चोर म्हणत नसत. मात्र त्यांच्या खोलीचं दार लोटलं की आतून जुना आवाज यायचा, बायकोशी कडाकडा भांडणारा, आणि दाराच्या फटीतून काळा धूर. उमाकांत धावत जाऊन दार उघडायचा. धूर विरायचा. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले असायचे.

"या, बसा," ते म्हणायचे.

त्याने पुन्हा केबल लावून पाहिली. पण केबल लावणं म्हणजेही कुणीतरी बघणं. फाइल उघडली की तिच्यात फक्त स्वच्छ अण्णा असायचे. मूळ फाइल तर त्याने स्वतःच पुसली होती. त्याला बापाची भयंकर आठवण यायला लागली, आणि बाप रोज समोर बसून जेवत होता.

असे तीन महिने गेले. मग एका शुक्रवारी फडतरे टेप घेऊन आला आणि भिंती मोजायला लागला.

"पास झालेल्यांच्या घरी कॅमेरा बसतो," तो म्हणाला. "खोलीला एक. सोमवारी माणसं येतील."

"बंद कधी करायचा?"

"बंद होत नाही तो."

टेपचं दुसरं टोक अण्णांनी धरलं होतं. मोजून झाल्यावर त्यांनी फडतरेचे आभार मानले.

कॅमेरा म्हणजे कायमचं कुणीतरी. सोमवारनंतर खऱ्या अण्णांना यायला जागाच उरणार नव्हती. रविवारी दुपारी, अण्णा आपल्या खोलीत असताना, उमाकांत पाठमोरा आत गेला. मागे न बघता त्याने दार लावलं, भिंतीकडे तोंड केलं आणि फरशीवर मांडी घातली. बराच वेळ काही झालं नाही. मग खुर्ची करकरली.

"कोण हाय?"

"मी, उमा."

"कुठं मेला हुतास तीन महिनं?"

उमाकांतला इतका आनंद झाला की त्याने कपाळ भिंतीला टेकलं. धूर त्याच्या खांद्यांवरून पुढे आला आणि सदरा काळा पडत गेला.

"घरातच होतो, अण्णा."

"घरात हुतास आन् बापाकडं फिरकला न्हाईस? दार उघडल्याचा आवाज येतो, आन् आत कुणीच येत न्हाई. तुझ्या आईला रोज सांगतोय, पोरगंबी गेलं म्हणून."

"मी येत होतो. मी बघितलं की तुम्ही नसता."

"काय बरळतोस? तोंड कर हिकडं."

उमाकांतने डोळे घट्ट मिटले आणि बसल्या जागी वळला. पावलं जवळ आली. खरखरीत बोटं त्याच्या गालावरून फिरली आणि काजळीचा वास नाकात गेला.

"वाळलास की रं," अण्णा म्हणाले. बोटं पापण्यांवर आली. "डोळं का मिटून बसलास?"

"उघडता येत नाहीत."

"का? काय गेलं का डोळ्यात? बघू."

"नको, अण्णा. असंच बोला. बोलत राहा नुसतं."

"गप. हलू नगंस."

उमाकांतने त्यांचं मनगट पकडलं. ते ऊन होतं आणि आत नाडी जोरात उडत होती. त्याला ते बाजूला सारता येईना आणि सोडवेनाही. अण्णांनी दुसऱ्या हाताचा अंगठा जिभेला लावून ओला केला, त्याच्या उजव्या पापणीवर हलकेच टेकवला आणि ती वर उचलायला घेतली.